तिसरा फोटो

प्रिय पंचशीला,

सोबतचं मोठं पाकीट कंपनीच्या वकिलाकडून आलंय. तक्रारीवर तुझा पत्ता अजून आपल्या घरचाच आहे, त्यामुळे पोस्टमनने माझी सही घेऊन ते मला दिलं. नाव तुझं होतं. मी उघडायला नको होतं. उघडलं. आत त्यांचं लेखी उत्तर आहे, अकरा पानांचं, आणि शेवटी लॅपटॉपच्या आतले तीन फोटो. पाकीट गुरुवारी आलं, मी ते आज सोमवारी पाठवतोय. मधले चार दिवस ते कपाटात माझ्या सदऱ्यांखाली होतं.

पुढच्या मंगळवारी ठाण्याला ग्राहक आयोगात तुझी तारीख आहे आणि त्याआधी तुला प्रतिज्ञापत्रावर सही करायची आहे, हे कौस्तुभने सांगितलं. मसुदा त्याने मला वाचायला पाठवला. बापाचं आयुष्य छापखान्यात गेलं, म्हणजे चुका त्याला दिसतातच, असं त्याला लहानपणापासून वाटतं. सहाव्या परिच्छेदात तू म्हटलंयस की लॅपटॉपला पाणी, चहा किंवा दुसरा कुठलाही द्रव कधीही लागलेला नाही. मी तो परिच्छेद पुष्कळ वेळा वाचला. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. मला तुझ्याशी त्या परिच्छेदाबद्दल बोलायचं आहे, आणि तिसऱ्या फोटोबद्दल. फोनवर जमलं नाही. दोनदा लावला, दोनदा तुझ्या पगाराची नाहीतर तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. पाकिटात एक कागदाची पुडी पण आहे. ती पत्र वाचून झाल्यावर उघड.

घरी ठीक आहे. पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा येतो. आई बादल्या भरून ठेवते आणि मग दिवसभर मला त्यांना हात लावू देत नाही. समोरच्या हंसाबेन लिफ्टशी भेटल्या की विचारतात, बहू कब आएगी. मी हिंदीत काहीतरी बोलून जिन्याने खाली उतरतो. खिडकीजवळचं तुझं टेबल तिथेच आहे. आईने त्यावर अजून काही ठेवलेलं नाही. मी एकदा वर्तमानपत्र ठेवलं, तर तिने ते उचलून माझ्या मांडीवर आणून टाकलं.

लॅपटॉप आला ती दुपार मला आठवते. दसऱ्याला सहा दिवस होते. लग्नानंतरची तुझी पहिली नोकरी, विमा कंपनीचे फॉर्म घरी बसून भरायचे, तीन महिने तुझं काम बघणार आणि मग कायम करणार. लॅपटॉप स्वतःचा हवा, ही त्यांची अट. खोका टेबलावर ठेवून तू कात्री माझ्या हातात दिलीस. अण्णा, तुम्ही कापा, तुमचा हात सरळ चालतो. मी पट्टी कापली. आतून नव्या रबराचा वास आला. छापखान्यात नवं मशीन यायचं तेव्हा असाच वास यायचा, हे मी तुला सांगितलं, आणि तू मशीनबद्दल पाच-सहा प्रश्न विचारलेस. माझ्या कामाबद्दल घरात कुणी प्रश्न विचारल्याला पुष्कळ वर्षं झाली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू झाकण उघडलंस तेव्हा पडद्यावर उभ्या रेघा होत्या. दुपारी रेघाही गेल्या.

मग फोन सुरू झाले. मी रिकामा माणूस म्हणून ते काम मी मागून घेतलं. हिंदीसाठी दोन, मराठीसाठी सहा. सहा दाबलं की बराच वेळ संगीत आणि मग हिंदी बोलणारी बाई. विकणारी साइट म्हणायची, कंपनीला विचारा. कंपनी म्हणायची, जिथून घेतला तिथे विचारा. दहा दिवसांत वस्तू बदलून मिळेल असं लिहिलेलं होतं. आपण आठव्या दिवशी तक्रार नोंदवली. त्यांचा माणूस तेराव्या दिवशी आला, उभ्याउभ्या मोबाइलमध्ये काहीतरी भरलं आणि म्हणाला, आता दहा दिवस होऊन गेले ना. आईने त्याला पाणी दिलं होतं. ती म्हणाली, मग तू नवव्या दिवशी का नाही आलास? तो म्हणाला, मला आजच पाठवलं, मावशी. तक्रारीचा नंबर अकरा आकडी. मी तो कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचो. दर दोन दिवसांनी मेसेज यायचा की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मग नवा फोन, नवा नंबर, आणि पहिल्यापासून सगळी कथा. ऑक्टोबरची पाठ भरली, मी नोव्हेंबरच्या पाठीवर गेलो.

आईला त्या फोनवरचं संगीत पाठ झालं होतं. गवार मोडताना ती तेच गुणगुणायची. तू पोळ्या लाटत म्हणालीस, आई, हे वाजलं की मला वाटतं आता कुणीतरी माझी माफी मागणार. आणि खरंच मागायचे. असुविधा के लिए हमें खेद है. एका फोनमध्ये मी मोजलं, नऊ वेळा. मी बोटं वर करून दाखवत होतो आणि तू हसून हसून लाटणं खाली ठेवलंस. पंचशीला, त्या महिन्यात आपण तिघं जितके एकत्र बसलो, तितके आधीच्या तीन वर्षांत बसलो नव्हतो. मला तो महिना आवडला. हे लिहायला लाज वाटते, पण आवडला.

फोनवर मी ओरडायचो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणावर आवाज चढवला नव्हता, तो त्या अनोळखी बायकांवर चढवला. आमच्या घरात वस्तू जपून वापरतात, असं मी प्रत्येकीला सांगायचो. तू हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचीस. तुला वाटायचं, अण्णा माझ्यासाठी भांडतायत.

एकोणिसाव्या दिवशी तुझ्या ऑफिसची मेल आली, काम थांबवल्याची. तू ती गॅलरीत उभी राहून मोबाइलवर वाचलीस आणि आत येऊन म्हणालीस, झालं. मग कुकर लावलास.

नंतर मी लॅपटॉप भाईंदर पश्चिमेच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तू येते म्हणालीस, मी नको म्हटलं. आठवड्याने त्यांचा कागद घेऊन परत आलो. आत द्रव गेल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही, असं त्यावर होतं. कौस्तुभने कागद वाचला आणि तुझ्या कपाकडे बघितलं. सतरा वेळा सांगितलं असेल, त्याच्यासमोर चहा घेऊन बसू नकोस. तू म्हणालीस, मी कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, नेहमी. तो म्हणाला, मग काय खिडकीतून पाऊस आला? नवीन वस्तू आठ दिवस नाही टिकली तुझ्या हातात. तू माझ्याकडे वळलीस. अण्णा, तुम्ही दिवसभर घरी असता, तुम्ही सांगा. मी चष्मा पुसत होतो. मी म्हणालो, माझं कुठे लक्ष असतं गं.

त्या दिवसापासून तू चहा सोडलास. आईने दोनदा केला, तू दोन्ही वेळा नको म्हणालीस, तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. डिसेंबरात तू तक्रार दाखल केलीस. कौस्तुभ म्हणाला, जाऊ दे ना, एवढ्यासाठी ठाण्याच्या खेपा? तू म्हणालीस, मला लॅपटॉप नकोय. मी सांडलं नाही, एवढं मला कुणीतरी लिहून द्यायला हवंय. जानेवारीत तुम्ही घोडबंदरला भाड्याने घर घेतलंत. नवी नोकरी तिथून जवळ पडते, हे कारण सांगितलंत. ते खरंही असेल. सामान टेम्पोत चढवताना तू रिकामा लॅपटॉपचा खोका विसरलीस. मी वरून हाक मारली तेव्हा म्हणालीस, राहू द्या, अण्णा.

आता मागचं एक सांगतो, जे तुला माहीत आहे. लग्नाआधी पेणकरपाड्याला तुमच्या घरी आलो होतो, तेव्हा कोंडिरामजी शेजारी बसलेले असताना तू मला स्पष्ट सांगितलंस. अण्णा, मी सगळ्यात असेन, सगळं खाईन, सगळ्यांचं करीन. फक्त पूजा करणार नाही, आणि माझ्या वस्तूंची पूजा कुणी करू नये. तुझ्या बाबांनी मान खाली घातली होती. त्यांना वाटलं असावं, आता हे उठून जातील. मी हो म्हटलं. मला माझ्या मोठ्या मनाचं इतकं कौतुक वाटलं की ती गोष्ट मी बिल्डिंगमध्ये चार जणांना सांगितली.

आणि जे तुला माहीत नाही ते. छापखान्यात खंडेनवमीला आम्ही मशीन धुवायचो. रॉकेलने रोलर पुसायचे, मग हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. एका वर्षी मालकाच्या मुलाने हे सगळं बंद केलं. त्याच महिन्यात बबनची दोन बोटं कटिंग मशीनखाली गेली. बबन तीन दिवस सलग दोन-दोन पाळ्या करत होता आणि डोळे मिटत होते त्याचे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी पुढच्या वर्षी हार परत आला, आणि तो सगळ्यात आधी घालणारा मी होतो.

दसऱ्याला सकाळी तू पांढरी साडी नेसून निघालीस. तुमच्याकडे तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. दारात चपला घालताना म्हणालीस, अण्णा, चला ना विहारात, बाबांना बरं वाटेल, आणि खीर असते. मी म्हणालो, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता. कौस्तुभ तुला सोडायला गेला. आई आत श्रीखंडाचा चक्का फेटत होती. मी पाटावर विळी, सुरी, माझी जुनी पक्कड आणि कौस्तुभच्या गाडीची दुसरी किल्ली मांडली, हळदकुंकू लावलं. मग तबक उचललं आणि तुझ्या टेबलाशी गेलो.

का गेलो, ते मी इतके महिने स्वतःला विचारतोय. तुझं काम सुरळीत चालावं, तुझी बोटं शाबूत राहावीत, असं मला वाटलं होतं. हे खरं आहे. घर माझं आहे आणि माझ्या घरात दसऱ्याला एखादं यंत्र बिनपूजेचं राहणार नाही, असंही वाटलं होतं. तेही खरं आहे. आधी कुठलं वाटलं, ते मला सांगता येत नाही. बंद झाकणावर अक्षता टाकून काय होणार, म्हणून मी झाकण उघडलं. कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावलं, हळद लावली, अक्षता वाहिल्या. पाणी फुलाने शिंपडायचं असतं. फुलं सगळी तोरणाला गेली होती. मी पळीने शिंपडायला गेलो आणि अंदाज चुकला. पाणी कीबोर्डवर पडलं आणि दिसेनासं झालं. मी उपरण्याने टिपलं, कुंकू पुसलं, दाणे वेचले, झाकण लावलं. पुसतानाच मला माहीत होतं की मी हे तुझ्यापासून लपवतोय. दुपारी तू आलीस. स्टीलच्या डब्यातून माझ्यासाठी खीर आणली होतीस. गुडघ्याला लावायला मलमही आणलं होतंस. मी खीर खाल्ली आणि तुझ्यासमोर मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी रेघा दिसल्या तेव्हा मला लगेच कळलं. पण मग मी पहिला फोन लावला, आणि पलीकडची बाई म्हणाली, हमें खेद है. मला वाटलं, कदाचित त्यांचीच चूक असेल. नव्या वस्तूतही दोष निघतो. पुढे त्यांनी आपल्याला जितकं फिरवलं, तितका माझा त्यावर विश्वास बसत गेला. पंधराव्या दिवसापर्यंत मी खऱ्या रागाने ओरडत होतो. इतका की पळी मला आठवतच नव्हती.

सर्व्हिस सेंटरमध्ये साईराज म्हणून एक इंजिनियर आहे, चाळिशीचा, बोलका. कागद घ्यायला गेलो तेव्हा त्याने मला आत बोलावलं. लॅपटॉप पालथा पडलेला, खालचं झाकण काढलेलं. काका, या भिंगातून बघा. पंख्याच्या पात्याशी तांदळाचा एक दाणा होता, लाल. भोवती पिवळं. साईराज हसला. पूजा केली ना काका? दसऱ्यानंतर आमच्याकडे रांगच असते. कबूल कोणी होत नाही. वॉरंटीत देवाचं कलम नाहीये ना. तुम्ही खरं काय ते सांगा, मी वर बोलून बघतो, काहीतरी करू. त्याने मला वाट करून दिली होती, पंचशीला. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. मी म्हणालो, शक्यच नाही. माझी सून बौद्ध आहे. तिच्या वस्तूंना आमच्या घरात कुणी कुंकू लावत नाही. वाक्य मला शोधावं लागलं नाही. साईराजचं हसू गेलं. तो दोनदा सॉरी म्हणाला, त्याला वाटलं आपण कुणाचातरी अपमान केला. त्याने चिमट्याने दाणा उचलून कागदावर ठेवला, फोटो काढला आणि मला दिलेल्या कागदावर फक्त द्रव गेल्याचं लिहिलं. तो तिसरा फोटो. वकिलाने त्याखाली टाइप केलंय, बाह्य पदार्थ, तांदळाचा दाणा, लाल रंग लागलेला. साईराज शिक्का आणायला गेला तेव्हा मी दाण्याच्या कागदाची पुडी केली आणि खिशात घातली. तुला दिलेला शब्द मी दसऱ्याला मोडला होता. त्या दिवशी मी त्याच शब्दाआड लपलो. घरी आल्यावर चहाचं बोलणं निघालं, आणि तू मला विचारलंस.

तुझ्या टेबलावर राहिलेली पळी आईलाच सापडली होती. तिने ती घासून देवापाशी ठेवली आणि इतके महिने त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मसुदा मी तिला मोठ्याने वाचून दाखवला. सहावा परिच्छेद संपल्यावर ती म्हणाली, अहो, ती पोरगी शपथेवर सही करणार आणि तुम्ही इथे बसून चहा पिणार. मी कप खाली ठेवला. सहाव्या परिच्छेदावर सही करू नकोस. ते तुला आयोगापुढे हा फोटो दाखवतील, आणि ते कुंकू कुठल्या घरचं हे तुला तिथे, परक्या लोकांसमोर कळेल. तसं होऊ नये म्हणून आज लिहितोय, गेल्या ऑक्टोबरात लिहायला हवं होतं. तक्रार मागे घ्यायची की नाही ते तू ठरव. मंगळवारी मी ठाण्याला येईन. बोलावलंस तर आत येऊन सगळं सांगेन, नाहीतर बाहेर बाकावर बसून राहीन. कौस्तुभला अजून सांगितलेलं नाही. पत्र पोचल्याचं कळलं की सांगेन, पण आधी तुला. खेद आहे असं मी लिहीत नाही, ते वाक्य आपण दोघांनी फार ऐकलं. तुला कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. वेगळ्या कागदावर लिहून सही केलीय, कौस्तुभला दाखवता येईल असं, आणि इथेही लिहितो. तू सांडलं नाहीस. पाणी माझ्या हातून सांडलं. पुडी जपून उघड, दाणा बारीक आहे.

तुझाच, आणि हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड,

अण्णा